लेखकाचं छोटं संग्रहालय: ट्रंक उघडण्यापासून दार उघडण्यापर्यंत

लेखक गेल्यावर घरात उरतं ते साधारण असं: एक चष्मा, दोन-तीन पेनं, हात टेकून टेकून झिजलेली खुर्ची, ट्रंकाभर कागद आणि पुस्तकांची कपाटं. काही महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, “याचं संग्रहालय करू या.” सगळ्यांना पटतं. दुसऱ्याच दिवशी उत्साहाच्या भरात खुर्ची पॉलिशला जाते, ट्रंका रिकाम्या होतात आणि कागदांचे ‘विषयवार’ गठ्ठे बांधले जातात. अशा एका कामात मी सहा वर्षं होतो. यातली एकही चूक करायची आम्ही सोडली नाही. त्यामुळे खाली जे लिहिलं आहे त्यातलं निम्मं पस्तावून शिकलेलं आहे.

चित्रकाराचं संग्रहालय त्यामानानं सोपं. चित्र भिंतीवर लावलं की त्याचं काम समोर आलं. लेखकाचं काम पुस्तकात असतं आणि आख्खं पुस्तक उभ्याउभ्या कुणी वाचत नाही. मग जो तो चष्म्याकडे आणि खुर्चीकडे वळतो. पण चष्मे सगळ्यांचे सारखेच दिसतात. खोडाखोड केलेलं पान मात्र त्या एकट्याचंच असतं. छोट्या संग्रहालयानं सगळी शक्ती त्या पानावर खर्च करावी, बाकीच्या वस्तूंनी बघणाऱ्याला त्या पानापर्यंत आणून सोडावं, असं माझं मत आहे. पुढच्या सगळ्या सूचना याच मतातून आल्या आहेत.

आधी हात मागे

पहिले काही दिवस काम एकच, फोटो काढणं. दारात उभं राहून चारही भिंती, मग एकेक फडताळ, मग टेबलाचा प्रत्येक कप्पा उघडून वरून. ट्रंक थराथरानं उतरवायची. झाकण उघडलं की फोटो, वरचा थर काढला की पुन्हा फोटो. काढलेला थर एका खोक्यात, सोबत चिठ्ठी: ‘ट्रंक १, थर ३’. वहीच्या पानात काही खोचलेलं असेल तर ते कुठल्या दोन पानांमध्ये होतं, हे काढण्याआधी लिहायचं.

एवढा काथ्याकूट कशाला, असं आम्हालाही वाटलं होतं. एका डायरीत संपादकाकडून ‘साभार परत’ आलेलं पाकीट होतं. आमच्यातल्या एकानं ते नीट पुसून पत्रव्यवहाराच्या फायलीत लावलं. पाकिटावरचा शिक्का पुसट, आत तारीख नाही. ते डायरीच्या कुठल्या आठवड्यात होतं हे कळलं असतं, तर कुठली कथा परत आली हेही कळलं असतं. आता कळायचा मार्ग नाही. लेखकानं कागद ज्या क्रमानं ठेवले तो क्रमच एक पुरावा असतो. अभिलेखागारातली, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या संस्थांतली, माणसं त्याला ‘मूळ क्रम’ म्हणतात आणि त्याला हात लावू देत नाहीत. विषयवार यादी हवीच असेल तर ती कागदावर करा, गठ्ठ्यांवर नको.

ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल बागेतल्या एका लहानशा खोपट्यात, खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून लिहायचे. त्या खोपट्याचा आतला भाग उचलून ग्रेट मिसेंडन इथल्या त्यांच्या संग्रहालयात आणला आहे. कुठली वस्तू कुठे होती याची नोंद असल्याशिवाय असा उपद्व्याप करता येत नाही.

नेमकं काय दाखवायचं

‘जीवन आणि कार्य’ हे उत्तर नाही. जन्मापासून मृत्यूपर्यंत पंचवीस फलक लावले की शेवटच्या दहांसमोर कुणी थांबत नाही. आपल्या हाती काय आहे ते बघून आवाका ठरवावा. लंडनमध्ये ४८ डाउटी स्ट्रीट या घरात चार्ल्स डिकन्स १८३७ ते १८३९ एवढेच राहिले, तरी त्या घरात १९२५ पासून संग्रहालय चालू आहे. दोन वर्षांचं वास्तव्यही पुरतं, कारण तीच त्यांचं नाव होण्याची वर्षं होती. याउलट लेखक लवकर गेला आणि मागे फारसं काही उरलं नाही, तर आवाका रुंद करावा लागतो. केशवसुत १९०५ साली, चाळिशी गाठण्याआधीच गेले. मालगुंडच्या त्यांच्या स्मारकात त्यांच्या जन्मघराबरोबर त्यांच्यानंतरच्या मराठी कवितेलाही जागा दिली आहे, आणि ते शोभतं.

एका कागदावर तीन प्रश्न लिहा, ज्यांची उत्तरं फक्त तुमच्याच घरात मिळतील. उदाहरणार्थ: हा माणूस एक पान किती वेळा लिहायचा? नोकरी सांभाळून कधी लिहायचा? त्याचं लेखन पहिल्यांदा कुणी वाचायचं? एखादी वस्तू यातल्या एकाही प्रश्नाशी जोडता येत नसेल तर ती कपाटात राहू द्या. मानपत्रं आणि शाली बहुधा इथंच गळतात. त्यावरून घरच्यांशी वाद होतात, त्याची तयारी ठेवा.

कागद कुणाचा, शब्द कुणाचे

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पुढे संग्रहालयं अडतात ती इथेच.

पत्राचं उदाहरण घ्या. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, मजकुराचा हक्क ज्यानं लिहिलं त्याचा. लेखकाच्या ट्रंकेत सापडतात ती बहुतेक इतरांनी त्याला लिहिलेली पत्रं. म्हणजे कागद तुमच्या ताब्यात आला, तरी तो मजकूर छापायचा किंवा इंटरनेटवर टाकायचा तर परवानगी लिहिणाऱ्याची, तो हयात नसेल तर त्याच्या वारसांची. आणि तुमच्या लेखकानं लिहिलेली पत्रं गावोगावच्या इतरांच्या कपाटांत असतात. हे एकदा ध्यानात आलं की निम्मा गोंधळ मिटतो.

लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा स्वामित्वहक्क भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो, युरोपीय संघातल्या देशांत ७०. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या मजकुराची भारतातली मोजणी वेगळी आहे. तिथं ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात. म्हणून ट्रंकेतली अप्रकाशित कविता भिंतीवर मोठी करून लावण्याआधी वारसांची लेखी संमती घ्या. “त्यांचं काय, ते नाही म्हणणार नाहीत” हे वाक्य मी फार ऐकलं आहे. एक वारस नाही म्हणत नाही, दुसरा म्हणतो.

देणगीपत्रात चार गोष्टी हव्यात: नेमकी यादी, वस्तूची मालकी संग्रहालयाकडे येत असल्याचं स्पष्ट वाक्य, छायाचित्रण व प्रकाशनाची परवानगी, आणि संग्रहालय बंद पडलं तर वस्तू कुठे जातील ते. वस्तू उसनी घेत असाल तर परतीची तारीख घाला, नूतनीकरण करता येतं. ‘कायमची उसनी’ ही भानगड टाळा. देणारा गेला की त्याची मुलं येतात आणि त्यांना काहीच माहीत नसतं.

खासगी पत्रांत हयात माणसांची आजारपणं, कर्जं, भांडणं असतात. ती पाकिटं बंद करून वर तारीख लिहावी, अमुक वर्षापर्यंत उघडू नये. फाडू मात्र नये.

नोंदवही

बांधीव वही घ्या, सुट्या पानांची नको. प्रत्येक वस्तूला एक आकडा. बहुतेक संग्रहालयं ‘२०२५.४.१७’ अशी पद्धत वापरतात: साल, त्या वर्षातली चौथी देणगी, त्या देणगीतली सतरावी वस्तू. कागदावर हा आकडा मऊ शिसपेन्सिलीनं, मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात लिहायचा. बॉलपेन अजिबात नको. संगणकावर तक्ता ठेवाच, पण वहीही ठेवा. आमचा संगणक एकदा बसला तेव्हा वहीनंच तारलं.

वहीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘कुठून आली आणि कोण सांगतं’ हा. इंग्लंडमध्ये शेक्सपिअरच्या घराच्या बागेतलं तुतीचं झाड १७५० च्या दशकात तोडलं गेलं. पुढे त्याच्या लाकडाच्या म्हणून इतक्या डब्या, पेले आणि खेळणी विकली गेली की तेवढं लाकूड एका झाडातून निघणं शक्य नाही, असं तेव्हापासून लोक हसून सांगतात. आपल्याकडेही पेन घेऊन येणारे भेटतात: “यानंच त्यांनी ती कादंबरी लिहिली.” तसं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं असतं, वडिलांना आणखी कुणी. त्यांना खोटं पाडू नये. वहीत लिहावं: ‘देणाऱ्याच्या वडिलांच्या सांगण्यावरून.’

आम्ही शेवटी तीनच शब्द ठरवले आणि पाटीवरही तेच वापरले. ‘वापरलेली’ म्हणजे फोटो, पत्र किंवा प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचा आधार आहे. ‘घरातली’ म्हणजे या घरात होती, कोण वापरायचं ते सांगता येत नाही. ‘त्या काळची’ म्हणजे आम्ही बाहेरून आणून ठेवली. दिवाणखान्यातला रेडिओ तिसऱ्या वर्गातला निघाला तेव्हा काही जण हिरमुसले. पाटी तरी तशीच राहिली.

कागदाला काय खातं

उजेड, ओल, किडे आणि माणसं. याच क्रमानं बघू, जरी माणसं सगळ्यात वाईट असली.

उजेडानं झालेलं नुकसान भरून येत नाही, ते साचत जातं. कागद, शाई आणि कापडासाठी ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ही सर्वमान्य मर्यादा आहे. हा उजेड खूपच मंद असतो, डोळ्यांना सरावायला मिनिटभर लागतं. लक्समापक विकत घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. मोबाइलमधलं ॲप अंदाज देतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. खिडक्यांना जाड पडदे आणि काचांना अतिनील किरण अडवणारी फिल्म हवीच. मूळ पान वर्षातून तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त काळ मांडू नये, मग ते अंधारात विश्रांतीला. स्केचपेनची शाई सगळ्यात आधी उडते. जुन्या दौतीतली लोहयुक्त शाई उलट कागदच खाते, अक्षरांच्या जागी भोकं पडतात. अशी पानं दिसली तर दुमडू नका, ओलसर जागी ठेवू नका आणि तज्ज्ञ संवर्धकाला दाखवा.

हवेतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी असं पुस्तकं सांगतात. पावसाळी प्रदेशात ते जमतंच असं नाही. मग निदान ती ६५ च्या वर जाऊ देऊ नका, कारण त्याच्यापुढे बुरशी धरते, आणि रोज खालीवर होऊ देऊ नका. दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद, हा प्रकार काहीच न लावण्यापेक्षा वाईट. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. खालचा खण रिकामा ठेवा. आर्द्रता आणि तापमान दाखवणारं छोटं यंत्र प्रत्येक खोलीत, आणि रोज सकाळी वहीत आकडा. वर्षभराचे आकडे हाती आले की उपकरणं घ्यायची की नुसत्या खिडक्या वेळेवर उघडायच्या, हे आपोआप ठरतं.

कसर, वाळवी, झुरळं. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफा माणसांनाही बऱ्या नाहीत. कसर लागलेली पुस्तकं पॉलिथिनच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड पक्कं बंद करून उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये किमान आठवडाभर ठेवतात. घरगुती फ्रीजर असेल तर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर गार कागदावर दव धरतं. जुने फोटो, काचेच्या निगेटिव्ह, रंगवलेली लाकडी वस्तू मात्र फ्रीजरमध्ये घालू नयेत.

आता माणसं. टाचण्या, यूपिना आणि स्टेपल गंजतात, त्या अलगद काढा. रबरबँड वितळून कागदाला चिकटतं. सेलोटेप लावू नका, लावलेली असेल तर ओढू नका. वर्तमानपत्राचं कात्रण आम्लधर्मी असतं, ते शेजारच्या पानावर तपकिरी डाग सोडतं, म्हणून वेगळं ठेवा. पीव्हीसीच्या फायली नकोत, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या चालतात. कागद हाताळताना स्वच्छ धुतलेले, कोरडे हात पुरतात. सुती हातमोज्यांत बोटांना कागद जाणवत नाही आणि कडा फाटतात. फोटो आणि धातू यांच्यासाठी नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, मोजे घालावेत.

आणि लॅमिनेशन. आमच्याकडे कामाला आलेल्या एका उत्साही मुलानं, “खराब होऊ नये म्हणून”, एक आख्खं पत्र लॅमिनेट करून आणलं. ते चकाकत होतं. त्यातून कागद सुखरूप बाहेर काढणं जवळपास अशक्य. ते पत्र आम्ही अजून ठेवलं आहे, नव्या माणसांना पहिल्या दिवशी दाखवायला.

खोली भरायची की रिकामी ठेवायची

याल्टातलं रशियन लेखक चेखॉव्ह यांचं घर त्यांच्या बहिणीनं, मारियानं, भावाच्या मृत्यूनंतर अर्धं शतक, १९५७ साली स्वतः जाईपर्यंत सांभाळलं. तिथल्या खोल्या भरलेल्या आहेत आणि त्यावर विश्वास बसतो, कारण मांडणारीच तिथं राहिलेली होती. फ्रँकफर्टचं जर्मन कवी गटेंचं घर १९४४ च्या बॉम्बफेकीत पडलं आणि युद्धानंतर पुन्हा बांधलं. सामान आधीच हलवलेलं होतं म्हणून वाचलं. म्हणजे भिंती नव्या, सामान जुनं. तिसरा मार्ग ॲमस्टरडॅमचा. १९६० मध्ये उघडलेल्या नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकच्या लपण्याच्या जागेत तिच्या वडिलांच्या इच्छेनुसार खोल्या रिकाम्याच ठेवल्या आहेत. तिथलं रितेपण खाटा-टेबलांनी कधी साधलं नसतं.

तुमच्याकडे पुरावा किती, त्यावर निवड करा. खोलीचे जुने फोटो असतील आणि सामान जागेवर असेल तर खोली जशीच्या तशी ठेवा आणि दारातून बघू द्या. यातलं काही नसेल तर ‘लेखकाची खोली’ उभी करायच्या फंदात पडू नका. टेबलावर उघडी वही, तिरका ठेवलेला चष्मा, शेजारी लामणदिवा: हे नाटकाचं नेपथ्य झालं.

एक पान मांडून बघू

समजा, एका कथेच्या पहिल्या पानाचे तीन खर्डे सापडले. पहिल्यात वाक्य आहे ‘पाऊस पडत होता.’ दुसऱ्यात ‘पडत’ खोडून ‘लागला’. तिसऱ्यात वाक्यच काटलेलं. छापील कथा सुरू होते ती गळक्या कौलाखाली ठेवलेल्या पातेल्यापासून.

मधल्या काचपेटीत दुसरा खर्डा, मूळ. पान सपाट किंवा अगदी कमी उताराच्या फळीवर, आम्लमुक्त पुठ्ठ्यावर, कोपऱ्यांना पॉलिएस्टरच्या पट्ट्या, कुठेही गोंद नाही. पेटी खुर्चीत बसलेल्यालाही दिसेल इतक्या उंचीवर. डावीकडे तिन्ही खर्ड्यांची मोठी केलेली छापील प्रत, खोडलेले शब्द वाचता येतील अशी. उजवीकडे पुस्तकाची साधी प्रत, हातात घेण्यासाठी, त्या पानावर खूण घातलेली. ती फाटली की दुसरी ठेवायची.

पाटीवर काय लिहायचं? पहिल्यांदा हातून उतरतं ते असं: ‘थोर साहित्यिकाच्या अलौकिक प्रतिभेची साक्ष देणारे हस्तलिखित.’ हे कुठल्याही हस्तलिखिताखाली चालेल, म्हणून इथे चालत नाही. आता हे बघा: ‘पहिल्या ओळीचा दुसरा खर्डा. “पाऊस पडत होता” मधला “पडत” खोडून “लागला” केलं आहे. पडणारा पाऊस थांबतो, लागलेला लवकर हलत नाही. पुढच्या खर्ड्यात पाऊस हा शब्दच गेला. काय उरलं ते उजवीकडच्या पुस्तकात.’ तीसच्या आसपास शब्द झाले. पन्नास-साठच्या पुढे जाऊ नका. अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं मंद उजेडात एकमेकांत मिसळतात, त्यामुळे ओळींमधलं अंतरही सैल ठेवा. पाटी छापण्याआधी लेखकाचं काहीही न वाचलेल्या माणसाला वाचायला द्या. त्यानं “मग?” असं विचारलं तर पुन्हा लिहा.

असं एकच पान नीट मांडायला आम्हाला दोन महिने लागले. छोट्या जागेत अशी पाच ठिकाणं पुरतात.

वस्तूंच्या संख्येनं भारून टाकायचं तर इस्तंबूलमध्ये तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक यांनी २०१२ मध्ये उघडलेलं संग्रहालय आहे. तिथं त्यांच्या कादंबरीच्या ८३ प्रकरणांची ८३ कपाटं ठरली आणि एका भिंतीवर ४,२१३ सिगारेटची थोटकं टाचली आहेत, प्रत्येकाखाली तारीख. त्याचं अनुकरण करू नका. त्या संग्रहालयातली माणसं काल्पनिक आहेत. त्यामुळे पामुक यांना जी मोकळीक आहे ती आपल्याला नाही.

आवाज आणि स्कॅन

भाषणाच्या किंवा मुलाखतीच्या कॅसेटी असतील तर सगळी कामं सोडून आधी त्या उतरवून घ्या. फीत खराब होते आणि वाजवायची यंत्रंही मिळेनाशी झाली आहेत. उतरवताना आवाजाचा दर्जा असा ठेवा: २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ, वेव्ह फाइल. कागदांचे स्कॅन ४०० ते ६०० डीपीआय (एका इंचात तेवढे ठिपके), टिफ फाइल. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या इमारतीत.

माणसं आणि वेळा

तिकिटावर छोटं संग्रहालय चालत नाही, हे गृहीत धरून हिशेब मांडा. उभारणीला पैसे देणारे मिळतात, दर महिन्याचं वीजबिल आणि पगार द्यायला मिळत नाहीत. म्हणून जमलेल्या रकमेतला मोठा हिस्सा ठेवीत घाला. व्याजातून निदान एका पूर्णवेळ माणसाचा पगार निघाला पाहिजे. विश्वस्तांत घरचे लोक असावेत, बहुमतात नसावेत. आठवड्यातून दोनच दिवस उघडा, पण त्या दोन दिवशी दार उघडं म्हणजे उघडं. लांबून आलेल्या वाचकाला कुलूप दिसलं तर तो पुन्हा येत नाही.

दार उघडल्यावर

अभिप्रायवहीच्या शेजारी दुसरी एक वही ठेवा, वर लिहा: ‘चुका आणि आठवणी.’ पहिल्या वहीत लोक ‘छान उपक्रम’ लिहितात. दुसऱ्या वहीत कुणीतरी लिहितं की फोटोत डावीकडून तिसरे गृहस्थ तुम्ही म्हणता ते नव्हेत. आमच्या सात पाट्या त्या वहीमुळे बदलल्या.

पहिल्या वर्षातच कुणीतरी पिशवीतून एक पत्र घेऊन येईल, तुमच्या लेखकानं त्यांच्या आजीला लिहिलेलं. द्यायचं मन नसतं, दाखवायचं असतं. त्यांना बसवा, पाणी द्या, पत्र त्यांच्यासमोरच स्कॅन करा आणि चांगली छापील प्रत त्यांच्या हाती ठेवा. आजीचं नाव, पत्र कसं आलं आणि इतकी वर्षं ते कुठे ठेवलं होतं, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि खाली त्यांची सही. मूळ पत्र त्यांना परत करा. निघताना एवढंच सांगा की ते प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका आणि लॅमिनेट तर अजिबात करू नका.